उशाशी लुगडं, पायथ्याशी धोतर

माझ्या तिन्ही नणंदांना आईची आठवण फार. ती त्यांना वर्षातून दोनदा यायची, आखाजीला आणि दिवाळीला, आणि परत जाताना केळीचा घड घेऊन जायची.

मी जळगावची, चौथी पास. असोद्याच्या या शेतकरी घरात सून म्हणून आले तेव्हाच मला कळलं होतं की इथे 'शहरातली' या शब्दाचा अर्थ 'आळशी' असा होतो. नणंदा जिथे दिल्या होत्या त्या गावांवरून त्यांना हाका पडायच्या. रावेरवाली सर्वांत मोठी, माझ्या नवऱ्याहूनही मोठी. तिला सगळेच अक्का म्हणत. पहूरवाली मधली आणि धुळेवाली धाकटी. या दोघी मला 'वहिनी' म्हणायच्या. अक्का सरळ 'तू' म्हणायची. काम मात्र तिघी सारख्याच सांगायच्या.

सासूबाई पौषात गेल्या. तेरावं उरकलं आणि त्याच दुपारी अक्काने माजघरातली पेटी उघडली. सासूबाईंची लुगडी होती तरी किती! बऱ्हाणपूरची दोन चांगली, बाकीची रोजची, नेसून नेसून विरलेली. पण तिघींनी त्यावर जो गळा काढला तो ऐकून शेजारच्या बायका पुन्हा सांत्वनाला आल्या. रडता रडता वाटण्याही झाल्या. कोणाला काठ जास्त गेला आणि कोणाला पदर कमी पडला, याचा हिशेब डोळे पुसता पुसता चालला होता. मला कोणी विचारलं नाही. सुनेला सासूची आठवण येत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. खरं सांगायचं तर सासूबाईंशी माझं बरं जमायचं, निदान या तिघींपेक्षा तरी.

मग अक्काने जाहीर केलं की लुगडी अशी फाडून टाकायची नाहीत, तिघींनी आईच्या आठवणीची एकेक गोधडी शिवायची. कल्पना चांगली होती. कल्पना अक्काच्या नेहमीच चांगल्या असायच्या, कारण हात दुसऱ्याचे असायचे.

"पण मायचं लुगडं पायाखाली नही आलं पाहिजे," अक्का म्हणाली. "उशाकडंच लावा."

गोधडीला उशाची बाजू असते आणि पायथ्याची बाजू असते. हे कोणीही मानतं, कारण जिथे रोज पाय लागतात ती बाजू कोणी तोंडावर घेत नाही. तेव्हा सासूबाईंची लुगडी उशाकडे, वरच्या थरात, दिसतील अशी. आणि पायथ्याला? आतल्या थरांना? तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. कापडावरचा कंट्रोल उठला होता, पण लोकांच्या मनातून उठला नव्हता. घरात चिंधीसुद्धा कोणी टाकत नसे. अक्काची नजर अंगणातल्या दांडीवर गेली. तिथे आबांचं धोतर वाळत होतं.

आबा म्हणजे माझे सासरे. बायको जाऊन तेरा दिवस झालेला तो माणूस ओट्यावर बसून सुपारी कातरत होता.

"आबा, तुमचे जुने धोतरं हायेत ना?"

"घेऊन जा वं बाई," आबा म्हणाले. "मी काय दोन-दोन नेसतो?"

झालं. मेलेल्या आईची लुगडी उशाशी आणि जिवंत बापाची धोतरं पायथ्याशी, अशी सोय लागली. यात काही चुकतंय असं तिघींपैकी एकीलाही वाटलं नाही. मी बोलणार होते, पण तेराव्याच्या दिवशी सुनेने तोंड उघडलं की त्याचा गावभर बोभाटा होतो.

तिघींनी ओसरीवर थर मांडले, कडेला चार टाचे घातले, दोन वीत शिवलं, आणि बोटाला सुई टोचली म्हणून कळवळल्या. तिसऱ्या दिवशी गाड्या जुंपल्या. जाताना पहूरवाली म्हणाली, "वहिनी, तुम्ही घरीच असता ना, फावल्या वेळात घाला दोन-दोन ओळी." माझा फावला वेळ! पहाटे दळण, मग भाकरी, मग शेतावर न्याहारी, कापसाच्या दिवसांत वेचणी, आणि दोन पोरं. पण गोधड्या माझ्या गळ्यात पडल्या त्या पडल्याच.

आणि ते काम तरी धड होऊ द्यावं? एक पुरी करून दुसरी घ्यावी, असं कोणीही शहाणं माणूस करील. पण आखाजीला तिघी आल्या, झोके खेळून झाले, सांजोऱ्या खाऊन झाल्या, आणि गोधड्या मांडून त्या विती मोजायला बसल्या. अक्काची चार बोटं पुढे होती. धुळेवालीने तोंड फुगवलं. चार वर्षांत तिची जीभ पुरती धुळ्याची झाली होती.

"बठ्ठा दोरा तिनीच गोधडीले लाई टाका का, वहिनी? मनी गोधडी देखा, कशी पातय शे!"

तेव्हापासून तिन्ही गोधड्या बरोबरीने चालायच्या, असा हुकूम निघाला. एकीवर एक ओळ घातली की ती गुंडाळायची, दुसरी पसरायची, तिच्यावर एक ओळ, मग तिसरी. अर्धा वेळ उलगडण्यात आणि गुंडाळण्यात जायचा. बोटाला चिंधी बांधून मी दुपारभर ती ओळीओळींची वाटणी करायचे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्या कशा चालतात हे कुठे ठाऊक असतं?

'पातय शे' म्हटल्यावर अर्थातच आणखी थर आले. ते कुठून आले हे सांगायला नको. आखाजीला एक धोतर गेलं. दिवाळीला पहूरवालीला तिची गोधडी बहिणींच्या मानाने चपटी वाटली, आणखी एक गेलं. दर वेळी आबा म्हणायचे, "घ्या." दर वेळी त्या घ्यायच्या. शेवटी आबांकडे एक अंगावर आणि एक दांडीवर एवढंच उरलं. दमट दिवसात दांडीवरचं सुकलं नाही तर आबा ओलंच नेसायचे. मी नवऱ्याला म्हटलं, बाजारातून एक धोतरजोडी आणा. तो म्हणाला, आबांना कुठे जायचं असतं?

त्या वर्षी थंडी अशी पडली की केळीची पानं करपून काळी पडली. सगळं गाव बागांची काळजी करत होतं. आबा ओसरीवर बाजेवर निजायचे आणि त्यांच्याकडे एक घोंगडी होती, तिला कसर लागलेली. त्यांचा खोकला माजघरापर्यंत ऐकू यायचा. घरातल्या दोन जुन्या गोधड्यांत आम्ही आणि पोरं निजायचो. त्यातली एक मी त्यांना नेऊन दिली तर सकाळी ती घडी होऊन पोरांच्या अंथरुणावर परत आली होती.

मी नवऱ्याला म्हटलं, आबांना एक रजई भरून आणा.

"घरात तीन-तीन गोधड्या असताना रजई कशाला?"

मग त्यातली एक देते, म्हटलं.

"भलतंच! त्या बहिणींच्या आहेत. त्या काय म्हणतील?"

दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून निघाली, मधे पानाची पिंकसुद्धा टाकली नाही. त्या माणसाला बापाची थंडी दिसत नव्हती आणि बहिणींचा राग मात्र रावेरहून दिसत होता. माझं लग्न झाल्यापासून मी त्याला बऱ्याच गोष्टींसाठी मनातल्या मनात नावं ठेवली आहेत, पण त्या दिवशी मला त्याची किळस आली.

मी माजघरात गेले. अक्काची गोधडी सर्वांत जाड होती. तिची एक कड शिवायची राहिली होती, तशीच ती उचलली आणि आबांच्या अंगावर घातली. आबा आधी नको-नको म्हणाले. मग ऊब लागली तसे गप्प झाले. पायाने चाचपत हसले.

"हे तं माझंच धोतर हाये." मग उशाकडचा बऱ्हाणपुरी पदर त्यांनी बोटांत धरला. "आणि ही पाह्य तुझी सासू. अजूनबी डोक्याशीच बसेल हाये."

खोकला काही लगेच थांबला नाही, पण आबा चार रात्री शांत झोपले. पहाटे मी चूल पेटवायला उठायचे तेव्हा त्यांचं घोरणं ऐकू यायचं आणि मला बरं वाटायचं.

सहाव्या दिवशी सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं. तिघी आदल्या दिवशीच आल्या. अक्का ओसरीवर चढली. बाप बाजेवर पडलेला, डोळे खोल गेलेले. दुसऱ्या कोणत्याही मुलीने आधी त्याच्या कपाळाला हात लावला असता. अक्काने गोधडीला लावला.

"मायचं लुगडं पांघरायले कोणी काढलं?"

"मी," मी म्हटलं. "आबांना थंडी वाजत होती."

"थंडी वाजते तं घोंगडी नही का घरात? ही आठवण हाये. वापरायची नही हाये!"

पहूरवाली पदराने डोळे टिपायला लागली. धुळेवाली धावत माजघरात गेली, तिची गोधडी जागेवर आहे का ते बघायला. नवरा खांबाला टेकून उभा होता, खांबासारखाच. मी पुढे काही बोलणार तर आबा उठून बसले. त्यांनी गोधडी अंगावरून काढली, तिची नीट चौकोनी घडी केली, आणि अक्काच्या हातात दिली. अक्काने ती घेतली. घेतली! आज इतक्या वर्षांनीही माझा त्यावर विश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं जेवण तिघी पोटभर जेवल्या. माझ्यावर आता भरवसा राहिला नाही म्हणून आपापल्या अर्धवट गोधड्या त्यांनी बोचक्यांत बांधल्या. राहिलेलं आम्ही घरी शिवून घेऊ, म्हणाल्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

त्या गेल्या त्या दुपारी मी चौथी गोधडी मांडली, आबांसाठी. माझी दोन लुगडी फाडली, साखरेचं पोतं धुऊन उकललं, आणि नवऱ्याचा एक बऱ्यापैकी धड सदराही कात्रीखाली घातला. त्याने सदरा शोधला तेव्हा मी म्हटलं, तुम्हाला तरी कुठे जायचं असतं? हातातली बाकीची कामं टाकून मी शिवत होते. एकच गोधडी, तिची वाटणी कोणाशी करायची नाही, म्हणून ओळी भराभर पडत होत्या. निम्म्यापर्यंत आले होते. पौष संपायच्या आत आबा गेले. जळगावहून आलेला डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं. वय तर झालंच होतं. पण वय झालेल्या माणसाला थंडी कमी वाजते असं कुठे आहे?

तेराव्याला पुन्हा तीच ओसरी, तेच रडणं. दुपारी अक्का माजघरात आली आणि तिने पेटी उघडली. आत टोपी होती, अडकित्ता होता, जुना कोट होता. तिने सगळं वरखाली केलं.

"आबाचं एखादं धोतर असीन ना? गोधडीत लावायले. आठवण म्हणून."

दोघी बहिणी तिच्या मागे उभ्या होत्या. आबांच्या अंगावरचं धोतर त्यांच्याबरोबर गेलं होतं आणि दांडीवरचं रीतीप्रमाणे देऊन टाकलं होतं.

"आहेत ना, अक्का," मी म्हटलं. "तुमच्या तिघींच्या घरी आहेत. पायथ्याशी बघा."

अक्काने पेटीचं झाकण लावलं. त्या दिवशी कोणी केळीचा घड मागितला नाही.

चौथी गोधडी मी नंतर पुरी केली. ती नवरा पांघरतो. त्याचा सदरा कुठल्या बाजूला लावला आहे हे त्याने कधी विचारलं नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी अक्काच्या मुलीच्या लग्नाला मी रावेरला गेले. सकाळपासून पोळ्या लाटून पाठ धरली, तर दुपारी अक्काने मला आतल्या खोलीत पडायला लावलं आणि अंगावर तीच गोधडी आणून घातली. पायथ्याची बाजू माझ्या तोंडाशी आली. मला वाटलं घाईत चुकली, म्हणून मी ती फिरवायला गेले.

"राहू दे तशीच," अक्का म्हणाली. "आमी आता आबाले उशाकडं घेतो." आणि तिचे डोळे भरून आले.

खोटे नव्हते ते डोळे, एवढं मी मान्य करीन. पण मला तिचं कौतुक वाटलं नाही. माणूस गेल्यावर गोधडी फिरवायला काय लागतं? मी कड चाचपली. जिथे माझी सुई थांबली होती तिथेच ती अजून सुटलेली होती. इतक्या वर्षांत एक टाका पडला नव्हता.

माझा हात तिथे गेलेला अक्काने पाहिला. "तेवढी कड तू घालून जाय वं," ती म्हणाली. "तुझा हात चांगला हाये."

मी गोधडी वर ओढून घेतली. आबांचं धोतर गालाला लागलं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं, की त्याखाली आबांना चांगली झोप लागली असती. कड मी घातली नाही.