फिरलेल्या कोयऱ्या आणि चुकलेला खुनी

नव्वदच्या दशकातला एक रविवार. सुरतेत उधन्याला आमच्या दोन खोल्यांत मला बघायला पाहुणे आले होते... आणि समोर टीव्हीवर खुनाचा तपास चालू होता.

दोन्ही एकाच वेळी ठेवणं ही बाबांची चूक. मालिका सातच भागांची, कुणा मोठ्या नावाच्या डायरेक्टरची, आणि तो सहावा भाग होता. अख्खी चाळ तिला नावं ठेवायची. धुकं यायचं, हिरव्या पाण्यात दिव्याचा उजेड हलायचा, एक बाई खिडकीत उभी राहायची... आपण चहा पिऊन कप विसळून यावं, तरी ती तिथेच.

मला मात्र जाम आवडायची. मी तेव्हा साडी चेकिंगला जायचे. दिवसभर टेबलावरून कापड सरकायचं आणि डाग, तुटका धागा, सरकलेली छपाई डोळ्यात तेल घालून शोधायची. शेठ म्हणायचे, "आ छोकरीनी नजर पाक्की छे." खोटं कशाला बोलू, होतीच.

पण हीच नजर लग्नाला आडवी येत होती. मुलगी टक लावून बघते, डोळे खाली करत नाही... एवढ्यावर दोन स्थळं मोडली होती. बाबांनी बजावलं होतं, तिसरंही गेलं तर काम बंद आणि मी गावी काकांकडे. लग्नाची मला घाई नव्हती. पण ते काम मला सोडायचं नव्हतं.

साडी नेसवताना आई दहादा म्हणाली, "नजर खाले ठेवजो व बेटा." ठेवली. पोह्यांचा ट्रे घेऊन आले, नमस्कार केला आणि फरशीकडे बघत बसले. फरशीतही एक तडा होता, तोही दिसलाच.

पाहुणे अमळनेरकडचे, पण राहायला सुरतेतच, कोसाडला. मुलगा लूमवर फिटर. रात्रपाळी करून आलेला, तो पाच मिनिटांत पेंगायला लागला. त्याची आई मात्र आल्या आल्या "थांबा, हाई मी देखस" म्हणून टीव्हीसमोर मांडी घालून बसली. मला प्रश्न विचारायचं तिच्या लक्षातच नव्हतं... मग मीही हळूच मान वर केली.

पडद्यावर मेलेल्या माणसाची बायको आमच्याकडे पाठ करून उभी होती. कॅमेरा तिच्या साडीच्या काठावरून इतका सावकाश फिरला, जणू मला चेकिंगलाच दिलाय. मग ती वळली. पुन्हा तोच काठ, तोच हिरवा रंग... पण कोयऱ्यांची तोंडं उलटी!

"साडी बदलली!" मी ओरडलेच. "ही ती साडी नाही. आधी कोयऱ्या वर बघत होत्या, आता खाली. पहिलीला रक्त लागलं असणार. हीच खुनी!"

आईने कपाळाला हात लावला. बाबा माझ्याकडे बघेनात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच... मी टक लावून बघते हे आता मीच ओरडून सांगितलं होतं.

मुलाच्या आई वळल्या आणि त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मीही बघितलं. म्हटलं, आता जायचंच आहे तर नीट बघून घेऊ. जाताना त्या एवढंच बोलल्या, "पुढला रविवारे येतस. मंग सांगतस."

आठवडाभर चाळीत एकच विषय... खुनी ती बाई निघाली तर हिचं लग्न, नाहीतर ही गावी. शेजारच्या काकूंनी तर त्या बाईला फाशी व्हावी म्हणून नवस बोलून ठेवला.

रविवारी ते आले. दारात, खिडकीत चाळ उभी. पाऊण तास धुकं, पाणी, धुकं... आणि खुनी निघाला पोस्टमास्तर. साडीचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही! शूटिंगवाल्यांचाच काहीतरी घोळ झाला असणार.

बाबांनी टीव्ही बंद केला. माझी मान काही खाली घालवेना. म्हटलं, "खुनी चुकला माझा. पण साडी बदललीच होती."

मुलाच्या आईंनी पदर सावरला आणि बाबांना म्हणाल्या, "इतला मोठा डायरेक्टरले जे दिखनं नही, ते हाई पोरले दिखनं. आमले पसंत शे." मी लगेच सांगून टाकलं, मी काम सोडणार नाही. तर हसून म्हणाल्या, "आसा डोया घरमा कोंडीसन काय करू?" आईचा जीव भांड्यात पडला. नवरदेवाला मात्र हलवून उठवावं लागलं.

पुढे तेवीस वर्षं चेकिंग केलं, शेवटी तर हाताखाली बारा बायका होत्या. नवरा अजूनही कुठलीही सिरीयल लावली की दहाव्या मिनिटाला घोरतो.

परवा लेकीने ती मालिका मोबाईलवर कुठूनतरी शोधून काढली. तो सीन आला तसा तिने थांबवून मोठा केला... कोयऱ्या खरंच उलट्या! मी घरभर नाचले.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांना आता दिसत नाही, दोन्ही डोळे गेले. त्यांनी आवाजावरून ओळखलं. "फिरन्यात का व कोयऱ्या?"

"फिरल्या, आई."

मग मी त्यांच्याजवळ बसले आणि पहिल्या भागापासून सगळं सांगायला लागले... धुकं कुठून येतंय, पाणी किती हिरवं आहे, ती बाई कुठल्या खिडकीत उभी आहे. मालिका इतकी संथ आहे ना, की एकेक गोष्ट सांगून होते, तरी ती बाई तिथेच उभी असते. त्या डायरेक्टरचे खूप आभार.