दिवसा झोपणारा माणूस

माझा धाकटा दीर बेकरीत भट्टीवर असतो. रात्रभर पाव भाजायचा आणि दिवसा झोपायचं. झोपेत त्याचा श्वास अडकायचा, म्हणून डॉक्टरांनी नाकावर मास्क लावायचं मशीन दिलं. विमा होता, तरी कंपनी मशीनचं भाडं देईना. मशीन वापराची आणि श्वासाची नोंद आपोआप कंपनीला पाठवतं, आणि त्यात म्हणे ते रात्री बंद असतं!

"अहो मॅडम, रात्री मी झोपलो तर सकाळचा पाव काय तुमची कंपनी भाजणार?" त्याने फोनवर विचारलं.

"नियमात रात्रच आहे, सर."

मग माझ्या जावेने शक्कल लढवली. रात्री तीच मास्क लावून झोपू लागली. "संसार दोघांचा, मग तुमचं घोरणंही थोडं माझ्याकडे द्या," म्हणाली. कंपनी मुकाट्याने भाडं देऊ लागली, आणि एक दिवस तिचं पत्र आलं: श्वास आता अजिबात अडकत नाही, रुग्ण बरा झाला, मशीन परत करा.

भांडायचं तरी कोणत्या तोंडाने? मशीन गेलं. आता जाऊ दुपारी शिवण बाजूला ठेवून त्याच्या उशाशी बसते आणि श्वास अडकला की खांदा हलवते. विम्याचा हप्ता मात्र दोघं वेळेवर भरतात.