वासाशिवाय वसईत

नाशिकहून आलेल्या एसटीनं मला विरार फाट्यावर उतरवलं तेव्हा नुकतं फटफटलं होतं. महामार्गावर धुकं इतकं दाट होतं की समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आधी दिसत आणि ट्रक मागाहून उगवे. त्या धुक्यातून हेमा स्कूटरवर आली. डोक्याला मफलर, पायात रबरी चपला, आणि तोंडावर अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात होतं तेच हसू. आम्ही दोघी तिथं एका खोलीत राहायचो. पुढं तिनं वसईत आगाशीजवळच्या एका बागायती घरात लग्न केलं आणि तिथल्याच शाळेत शिकवलं. मी नाशिकला परतले, शिकवलं थोडं आणि रांधलं फार.

चंदनसारच्या रस्त्यानं निघालो. दोन्ही बाजूंच्या इमारतींचे खालचे मजले तेवढे दिसत होते, वरचे कुणी पुसून टाकल्यासारखे. मनवेलपाड्याकडे वळणाऱ्या नाक्यावर एकजण मोठ्या कढईत वडे सोडत होता. तेल उसळताना दिसलं, वाफ दिसली, भोवती घुटमळणारी माणसं दिसली. वास मात्र आला नाही.

तो वर्षभर कुठूनच येत नव्हता. आदल्या हिवाळ्यात मला ताप आला, ताप उतरला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीही येणार. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू कळायचं, मिरची झोंबायची. पण हिंग आणि खडूची पूड यांत मला फरक उरला नव्हता. घरचा स्वयंपाक हाताच्या सवयीनं व्हायचा. पाहुण्यांना जेवायला बोलावणं मात्र मी बंद केलं. यजमानांखेरीज कुणाला हे ठाऊक नव्हतं. हेमाला तर सांगवेना. वसतिगृहात खाली मेसमध्ये डाळ लागली की मी तिसऱ्या मजल्यावरून सांगायची, म्हणून ती मला ‘नाकवाली’ म्हणायची. आताही तिनं बोलावलं होतं ते, “इथली सुकेळी खा, उकडहंडी खा, आणि तुझं नाक काय म्हणतं ते मला सांग,” असं म्हणून.

उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला आलो. इमारती विरळ झाल्या आणि एका वळणानंतर सगळंच हिरवं झालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, त्यांच्यामागं माड, मधूनच एखादं लाल कौलांचं घर आणि पुढ्यात पांढरा क्रूस.

हेमाच्या घरामागं वाडी आहे आणि वाडीच्या टोकाला बावखल (गोड्या पाण्याचं लहान तळं). चहा झाल्यावर ती मला तिकडं घेऊन गेली. पाण्यावर धुक्याचा थर हलत होता आणि त्यातून एक बगळा पाय न हलवता पुढं सरकतोय असं वाटत होतं. वास गेल्यापासून मला सगळीकडेच असं व्हायचं. जग काचेपलीकडे चाललेलं, आणि मी अलीकडे, झोप आणि जाग यांच्या मधोमध. हेमानं सोनचाफ्याची दोन फुलं तोडून माझ्या ओंजळीत ठेवली. मी ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा.” पाकळ्या गार होत्या. एवढंच कळलं.

दुपारी आम्ही शेजारच्या रेजिनाबायकडे गेलो. रेजिनाबाय साठीच्या पुढची, ख्रिस्ती. तिच्या घरी सुकेळी करण्याची रीत तिच्या सासूच्याही आधीपासूनची. राजेळी केळी आधी धुराच्या उबेत पिकवायची, मग सोलून उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. अंगणात बोरूच्या चटईवर ती रांगेनं निजली होती. काही अजून पिवळट, काही गुळाच्या रंगाची, काही थेट मधाच्या. ऊन आरपार जात होतं. रेजिनाबायनं एक तयार सुकेळं मोडून माझ्या हातावर ठेवलं. दातांना आधी चिवट लागलं, मग मऊ झालं आणि जिभेवर नुसता गोडवा पसरला. हेमा माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले की छान आहे, धूर अगदी बेताचा आहे. धुराचं मला रेजिनाबायच्याच बोलण्यावरून कळलं होतं. रेजिनाबायनं मान डोलावली, पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग ती उठली आणि चटईवरची केळी उलटू लागली. मीही तिच्या शेजारी बसून उलटू लागले. बोटांना केळ्यांची ऊब लागत होती. त्या अंगणात बसून राहावं, कुणी काही विचारू नये आणि संध्याकाळ होऊ नये, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी हेमाच्या नणंदेकडची मंडळी जेवायला यायची होती. त्यांच्यासाठी उकडहंडी (मडक्यात पानांच्या वाफेवर शिजवलेली मिश्र भाजी) करायचं ठरलं. हेमाचे यजमान जगदीशभाऊजी वाडीतून सुरण आणि कोनफळ (जांभळा कंद) घेऊन आले. रताळी, वांगी, वालाच्या शेंगा, बटाटे, आणि ओल्या खोबऱ्याचं हिरवं वाटण. तळाशी केळीची पानं घालून हेमानं सगळं थराथरानं रचलं, वर पुन्हा पानं दडपली, झाकणाची कड कणकेनं लिंपली आणि मडकं मागच्या चुलीवर चढवलं. इतक्यात तिला आठवलं की भाकरीचं पीठ गिरणीतच राहिलंय.

“मी आलेच,” ती म्हणाली. “तू फक्त वास घेत बस. पानांचा वास बदलला की लाकडं ओढायची. तुला काय सांगायचं?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती फाटकाबाहेर गेलीसुद्धा. मी चुलीसमोर पाटावर बसले आणि मडक्याकडे बघत राहिले. लिंपलेल्या कणकेतून वाफेचा एक बारीक धागा निघत होता, तो माडांच्या सावलीत जाऊन विरत होता. कुठंतरी पंप चालू होता, पाणी पाटातून वाहत होतं. धाग्याचा रंग जरा करडा झाल्यासारखा वाटला. मला वाटलं, ऊन फिरलं असेल.

जगदीशभाऊजी वाडीच्या पार दुसऱ्या टोकाहून धावत आले. त्यांनी पायानंच लाकडं बाहेर लोटली आणि फडक्यात धरून मडकं खाली घेतलं. मागोमाग हेमा पिठाचा डबा घेऊन फाटकातून शिरली. तीही भरभर चालत होती. तिला रस्त्यावरूनच कळलं होतं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी चुलीपासून हातभर अंतरावर बसले होते.

मी सांगितलं. ताप, डॉक्टर, वर्ष, सगळं. भाऊजी मडकं घेऊन आत गेले. हेमा डबा खाली ठेवून माझ्याजवळ पायरीवर बसली.

“मग काल चाफा?” तिनं विचारलं.

“काहीच नाही आलं गं.”

तिनं पिठाचा डबा उगाच बाजूला सरकवला. मग म्हणाली, “मला वाटलं, तुझ्या डोळ्यांत पाणी चाफ्यानं आलं.”

हंडीचा खालचा थर कोळसा झाला होता. वरचं हेमानं अलगद काढून घेतलं, त्यावर ओलं खोबरं आणि कोथिंबीर पेरली, जोडीला डाळ वाढवली. पाहुणे जेवले. नणंद म्हणाली की यंदाच्या हंडीला धुराची चव जरा जास्त आहे, पण बरी लागतेय. हेमानं माझ्याकडे न बघता तिला आणखी वाढलं. मी पानावर मान खाली घालून बसले. भाजी करपल्याचं इतकं नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी इथं मला ओळखत होते ती माझ्याकडे नव्हती, आणि आता ते आणखी दोन माणसांना माहीत होतं. रात्री उशीला डोकं टेकलं तेव्हा मात्र अंग हलकं वाटलं.

हेमानं माझी कीव केली नाही. सकाळी म्हणाली, चल, अर्नाळ्याला समुद्र बघून येऊ.

अर्नाळ्याला भरती ओसरत होती. पाण्यापलीकडे बेटावरचा किल्ला अर्धा दिसत होता, अर्धा नव्हता. बुरूज पाण्यावर तरंगल्यासारखे. किनाऱ्यावर होड्या कलंडून पडल्या होत्या आणि त्यांच्या मागं बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून केलेल्या जोड्या, हजारोंनी, वाऱ्यावर हलणाऱ्या चांदीच्या झालरीसारख्या. आमच्या पुढं चाललेल्या सहलीच्या मंडळींनी रुमाल नाकाला लावले. मी सरळ त्या झालरींच्या मधून चालत राहिले.

आणि मला वाटलं, इथं काहीतरी कुजलंय.

दोन पावलं पुढं गेले आणि थांबले. कुजलंय हे मला कुणी सांगितलं? मी श्वास घेतला. काहीतरी जाड, खारट, घाणेरडं नाकातून थेट डोक्यात शिरलं. पुन्हा घेतला. पुन्हा आलं. मी जन्मात मासा शिजवलेला नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा शिरलेलं नाही. मासळी बाजारावरून जाताना मी लहानपणापासून श्वास धरत आले. आणि त्या दांड्यांच्या मधोमध उभी राहून मी तो वास अधाशासारखा ओढून घेत होते आणि रडत होते.

बोंबील उलटत असलेल्या एका कोळणीनं काम थांबवलं. हिरवं लुगडं, कानात सोन्याच्या जड बुगड्या. मला काय झालं, तिनं हेमाला विचारलं; पानी आनू का, म्हणाली. हेमाला आधी सांगताच येईना, कारण तीही रडत होती. मग तिनं सांगितलं. कोळणीनं नीट ऐकून घेतलं, दांडीवरची एक जोडी काढली आणि माझ्या हातात दिली.

“घ्या, हुंगा,” ती म्हणाली. “इथं लोक नाक धरून येतात. तुमी पयल्या, नाक घेऊन चालल्या.”

घरी परतल्यावर मी दिसेल ते नाकाशी नेलं. सोनचाफा: काही नाही. हळदीचं पान: नाही. रेजिनाबायनं तिच्या बाटलीतला मसाला उघडून दिला. चार शिंका आल्या, वास आला नाही. तिच्या धुराच्या खोलीत मात्र दाराशीच काहीतरी जाणवलं, फार लांबून कुणी हाक मारावी इतकं पुसट. तेवढंच. बोंबील आणि थोडा धूर.

पण त्या संध्याकाळी मीच म्हणाले की आज स्वयंपाक मी करते. आमच्याकडची वरणफळं. हेमा आणि रेजिनाबाय चुलीच्या दोन बाजूंना बसल्या. फोडणीत हिंग घातला आणि मी विचारलं, “झाला?” हेमा म्हणाली झाला, रेजिनाबाय म्हणाली अजून नाही. दोघींची यावर चांगलीच जुंपली. मी मधे बसून दोघींच्या तोंडांकडे बघत होते, आणि रेजिनाबायच्या भुवया जरा सैल झाल्या तेव्हा वरण ओतलं. वर्षभरानं मी कुणाला तरी पंक्तीला वाढत होते. भाऊजींनी तिसऱ्यांदा मागून घेतलं.

निघताना हेमानं बोंबलांचं पुडकं चार पिशव्यांत गुंडाळून दिलं. तरी एसटीत, डोंगर लागायच्या आतच, कंडक्टर शिटांखाली वाकून बघायला लागला. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली. मी बाहेर बघत राहिले. मीठ नसलेल्या भाजीसारखं गेलेलं माझं एक अख्खं साल मागं पडत होतं, आणि पुढं काय परत येईल, किती येईल, ते ठाऊक नव्हतं. फक्त एवढं कळलं होतं की येणाऱ्यानं सुवासिकच होऊन यावं, हा माझा हट्ट आता उरलेला नाही.

बोंबील आता एका बरणीत आमच्या मागच्या गॅलरीत असतात. रोज सकाळी मी झाकण काढून हुंगते. यजमान सोवळं पाळणाऱ्या घरातले. पहिले काही दिवस ते त्या वेळी वर्तमानपत्र घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसत. परवा मात्र गॅलरीत खुर्ची ओढून शेजारी बसले आणि विचारलं, कसा येतो गं वास?

मी सांगायचा प्रयत्न केला. समुद्र, मीठ, ओला बांबू, काहीतरी सडलेलं. मग मीच म्हणाले, फार घाण येतो हो.

त्यांचा चेहरा आक्रसला होता. झाकण लावायला मी हात पुढं केला, तर ते म्हणाले, “राहू दे उघडी.”

आणि तिथंच बसून त्यांनी चहा घेतला.