आईच्या मापाचा माणिक

आमच्या दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि बसणारे जास्त. चंद्रपुरात जुन्या किल्ल्याच्या गेटच्या आत राशीच्या खड्यांचं आमचं छोटंसं दुकान आहे. शाळा सुटली की मी काउंटरच्या कोपऱ्यात गृहपाठ करत बसते. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे थोड्या वेळाने मी तिथे आहे हेच सगळे विसरतात. मग किस्से आपोआप साठत जातात. तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

*

बाबा दिवसभर अंगठ्या विकतात, पण त्यांच्या स्वतःच्या बोटात एकही नाही. नवीन गिऱ्हाइकाला हे लगेच दिसतं.

एकदा बल्लारपूरच्या एका बाईंनी विचारलंच, "भाऊ, तुमच्या हाती काऊन नाई?"

बाबा म्हणाले, "बाई, मिठाईवाला कधी पेढा खाताना दिसला का तुमाले?"

बाई हसल्या. पुष्कराजाची ऑर्डर दिली. पायरी उतरताना मागे वळून म्हणाल्या, "आमच्या गल्लीतला खाते."

*

सगळ्यात जास्त चालतो तो माणिक. माणिक सूर्याचा, आणि सूर्य म्हणजे सरकार, असं लोक मानतात. ज्याला नोकरी हवी, प्रमोशन हवं, बदली हवी, तो माणिक घेतो. अंगठी खालून उघडी ठेवायची, म्हणजे खडा कातडीला टेकतो. रविवारी सकाळी घालायची. आणि माणिक बर्माचाच पाहिजे!

राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीतले विठ्ठलभाऊ असेच आले होते. त्यांना जमिनीखालची ड्युटी सोडून वरची हवी होती. बाबांनी त्यांना रंग दाखवला, पाणी दाखवलं. विठ्ठलभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बर्माची खाण रविवारी बंद राहते का?"

बाबांना माहीत नव्हतं.

"मंग विचारून ठेवा ना तुमच्या व्यापाऱ्याले," असं म्हणून त्यांनी बोटाचं माप दिलं.

*

आमच्या शाळेतून रिटायर झालेले एक सर पेपर घेऊन दुकानात आले. बर्मात लढाई चालू आहे, खाणी बंदूकवाल्यांच्या ताब्यात आहेत, गावंच्या गावं रिकामी झाली आहेत, हे सगळं त्यांनी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, आता सर बाबांना रागावणार. मी वही जवळ ओढली.

सरांनी पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाले, "माझ्यासाठी मोठा एक माणिक आत्ताच काढून ठेवा. पुढे मिळायचा नाही."

*

माल घेऊन येतात ते जयपूरचे महेशजी. बाबांनी त्यांना खरंच विचारलं, तिथली खाण रविवारी बंद असते का. महेशजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

ठसक्यावर म्हणून बाबांनी मधाची बरणी पुढे केली. माझी आई नर्स आहे, भामरागडच्या पलीकडे एका लहान दवाखान्यात. तिथल्या बायकांकडून ती मध घेते आणि आमच्यासाठी पाठवते. भामरागडचं नाव ऐकताच महेशजींचा चमचा हवेतच थांबला.

"गडचिरोली? वो तो गडबड वाला एरिया है ना? वहाँ का पैसा किसके पास जाता है, कुछ पता नहीं, भाईसाब."

त्यांनी बरणी बाजूला सरकवली. मोकळ्या झालेल्या जागेवर पांढरा कागद पसरला आणि त्यावर बर्माचे माणिक ओतले.

त्यातला एक बाबांनी आमच्यासाठी ठेवून घेतला.

*

आईचा बदलीचा अर्ज दर वर्षी जातो आणि दर वर्षी तसाच पडून राहतो. पावसाळ्यात नदी पुलावर आली की रस्ता बंद. मग आई म्हणजे फक्त फोन, तोही रेंज असली तर. टेकाडावर चढून ती आधी मला विचारते, जेवली का. तेवढ्यात आवाज तुटतो.

दिवाळीला आई आली, तेव्हा बाबांनी तिच्यापुढे डबी ठेवली. माप घेतलं नव्हतं, तरी अंगठी बरोबर बसली. आईने हात लांब धरून पाहिला. तिला ती आवडली होती, मला दिसत होतं. मी तर कपाटातला वरचा कप्पा तिच्यासाठी आधीच रिकामा करून ठेवला होता.

"बर्माचा?" आईने विचारलं.

"असली," बाबा म्हणाले.

"तिथं लोकं घरंदारं सोडून जंगलात राहून राह्यले म्हणते."

बाबा म्हणाले, हा खडा त्याच्या आधीच निघाला असेल. आई अंगठी बोटात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अहो, तिथची नर्स घरी जाऊ शकते का?"

बाबा डबीचं झाकण पुसू लागले.

आईने अंगठी काढून डबीत ठेवली. "महेशजी आले की खडा परत द्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "येईन गं, अशीच येईन."

मी मान हलवली. तो कप्पा मी अजून भरलेला नाही.

*

हा किस्सा या पावसाळ्यातला. रस्ता बंद होऊन बरेच दिवस झाले होते. रविवार होता, मी बाबांसोबत दुकान उघडायला गेले. बाबा शटर वर करत होते, तेव्हा शेजारच्या चहावाल्या काकांचं लक्ष गेलं.

"अरे भाऊ! शेवटी तुम्ही पण घातली?"

"गिऱ्हाइकाची आहे," बाबा म्हणाले. "जरा पाहून राह्यलो."

अंगठी करंगळीत होती, आणि तिथेही अर्ध्यातच अडकली होती.

तेवढ्यात फोन वाजला. आईला रेंज मिळाली होती. मी स्पीकर लावला. जेवली का, पूर उतरला का, शाळा चालू आहे का, असं दोन्हीकडून विचारून झालं. मग आई म्हणाली, "अहो, महेशजी येऊन गेले ना? तो खडा परत दिला का?"

फोनवर काही दिसत नाही. तरी बाबांनी अंगठीचा हात काउंटरखाली नेला.

"दिला," बाबा म्हणाले.