कुंभाराच्या बायकोचे हात

आधी कबूल करतो. माझ्या आईचं नाव मी खोडलं. लंडनमधल्या हॅरोच्या घरात, किचन टेबलावर लॅपटॉप ठेवून, पूर्ण शुद्धीत.

गाव सोडलं त्या सकाळी आईने माझ्या बॅगेत एक दगड ठेवला होता. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला, मुठीत मावणारा गुळगुळीत गोळा. आम्ही कुंभार. वडील चाकावर मडकं घडवायचे, पण चाकावरून उतरतं ते जाड आणि बुडाला उघडं असतं. आई ते मांडीवर घ्यायची, आतून हा दगड धरायची आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत ते पातळ करायची, बूड मिटवायची, गोल पोट आणायची. चाकाला मात्र बायकांनी हात लावायचा नाही, ही आमची रीत. त्यामुळे कुंभार म्हणजे वडील, आणि आई म्हणजे कुंभाराची बायको.

भावाने काट्यावर बॅग तोलली. वजन जास्त भरलं. मी दगड काढून कोनाड्यात ठेवला. "तिथं काय करायचाय," म्हणालो. आई दारात उभी होती. "बरं," एवढंच म्हणाली.

इथे आल्यावर बरीच वर्षं ऑफिसात काढली आणि चाळिशीनंतर पार्ट-टाइम संशोधनाला लागलो. विषय एक अमेरिकन स्टुडिओ पॉटर, म्हणजे भांडी घडवणारी कलाकार. तिचं नाव इथे घेत नाही, ते पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. मी सात वर्षांचा असताना ती एक हिवाळाभर आमच्या अंगणात येऊन राहिली होती. आईच्या शेजारी फतकल मारून बसायची. आईला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी. आई तिच्या हातावर हलकेच चापट मारून चूक दाखवायची आणि दोघी हसायच्या. पुढे ती ज्या गोल बुडाच्या, ठोक्यांच्या खुणा ठेवलेल्या भांड्यांमुळे मोठी झाली, ती मी ओळखतो. ती आमच्या अंगणातली आहेत.

शेवटची वर्षं तिने इंग्लंडात काढली, म्हणून तिचे कागद इथल्या एका म्युझियममध्ये आहेत. दर शनिवारी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने तिथे जायचो. सगळीकडे लिहिलेलं की ही पद्धत तिने एकांतात शोधून काढली. शेवटी एका वहीत आमचं अंगण सापडलं. दोन हातांचं चित्र, बांगड्यांसकट. चेहरा नाही. खाली इंग्रजीत ओळ होती: कुंभाराच्या बायकोचे हात.

ज्या बाईला आईने आपल्या ताटातली भाकरी मोडून दिली, तिने आईचं नावही विचारलं नव्हतं. फसवलं गेल्यासारखं वाटलं, आणि त्या रागात मी लेख लिहिला.

पहिल्या खर्ड्यात आईचं नाव होतं. मग मला भीती वाटली. थापटणारी बाई म्हटलं तर लोक तिला मदतनीस समजतील आणि तक्रारीत दम राहणार नाही. चाकावर बसलेला माणूस कसा, बघताक्षणी कुंभार वाटतो. मी आईचं नाव खोडलं आणि वडिलांचं घातलं. वडील वारले होते. त्यांना मान मिळतोय, असं मनाला सांगितलं.

लेखाची दखल घेतली गेली. म्युझियमने तिथे मांडलेल्या तिच्या भांड्याखालची पाटी बदलली: ही पद्धत या कुंभाराकडून शिकलेली, आणि पुढे वडिलांचं पूर्ण नाव. शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन गेलो आणि तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. मुलगी फोन धरून उभी. तिने पाटी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "बाबा, पण आजीचा नाव कुठे आहे? यू सेड आजीने शिकवला." मी तिला हळू बोल म्हणालो.

आईने मला पाटी मराठीत वाचायला लावली. मी वाचली.

"तुझा बा लई चांगला कुंभार व्हता," ती म्हणाली. "पर बाई त्याच्यापाशी न्हवती बसली."

"आई, ते लिहिताना काय झालं..."

"ती परकी व्हती. तिला माझं नाव ठावं न्हवतं. तुला तर ठावं व्हतं की."

आणि तिने फोन भावाकडे दिला.

त्यानंतर दर रविवारी फोन केला की भाऊच बोलायचा. "आई अंगणात आहे," म्हणायचा. मागून थापटण्याचा आवाज यायचा. मी मात्र मनात त्या अमेरिकन बाईशीच भांडत राहिलो, कारण ते सोपं होतं. कबूल करायला महिने लागले की तिने निदान हात तरी ठेवले होते. मी तेही काढून टाकले.

म्युझियमला मी खरं काय ते लिहून कळवलं. लेखाची दुरुस्ती छापून आली. पाटी पुन्हा बदलली.

इथे मराठी मंडळाच्या दिवाळीला एखादा नवा पाहुणा विचारतो, तुमचं घर कुठलं? पूर्वी मी पटकन गावाचं नाव सांगायचो. आता अडखळतो. तुम्ही तिकडे राहिलात, काहीजण माझ्यासारखे निघून आलात, तुमचं मला माहीत नाही. माझ्यापुरतं घर म्हणजे ती जागा, जिथे माझं खोटं एका वाक्यात ओळखणारं माणूस बसलेलं आहे.

या ख्रिसमसच्या सुट्टीत गावी गेलो. आई अंगणात बसली होती, मांडीवर ओलं मडकं, आत तोच दगड. नव्या पाटीचा फोटो खिशात होता, पण तो काढावासा वाटला नाही. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, जिथे ती बाई बसायची. थापटणं थांबलं नाही.

"आई," मी म्हणालो, "तूच शिकवलंस हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तुझं नाव खोडलं. चुकलं माझं, हौसाबाई."