घाईच्या गिऱ्हाइकाची बंदूक

"घाई हाय? मग पुढच्या सोमवारी या."

शाहूपुरीत बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं हे ठरलेलं स्वागत. गिऱ्हाईक 'घाई नाही' म्हणालं, तर मात्र ते बाकावरची तेलकट फडकी उचलून "बसा पावणं" म्हणत. अशानं धंदा चालतो का, असं तुम्हाला वाटेल. चालायचा, कारण असा परवाना असलेलं दुसरं दुकान जवळपास नव्हतं.

मी तेव्हा सरकारी कचेरीत बंदुकीच्या परवान्यांच्या टेबलावर कारकून होतो. वर्षातून एकदा मिस्त्रींच्या दुकानाची तपासणी करायचो. मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, आणि तपासणीला ते लागतही नव्हतं. रजिस्टरच्या पानांवर आकडे घातलेत का, एवढंच मी बघायचो. मिस्त्री म्हणायचे, "सायेब, एकदा बंदुकीकडं बी बघा की."

आमच्याकडे बंदूक शिकारीसाठी कोण बाळगतो! ती मिरवणुकीसाठी आणि फोटोसाठी. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या, आणि तेवढे दिवस त्यांचे मालक पोरके दिसायचे.

अशाच एका तपासणीच्या दिवशी, नव्वदचं दशक संपता संपता, कुरुंदवाडकडच्या एका सहकारी संस्थेचे अध्यक्ष दुकानात आले. सोबत आज्याची रायफल. एका वेळी एकच गोळी घेणारी.

"झकास पॉलिश मारा. परवा नेमबाजीच्या स्पर्धेचं उद्घाटन हाय. पहिला बार हिचाच."

मिस्त्रींनी कपाटातून मापाचा एक पोलादी तुकडा काढला आणि काडतुसाच्या जागी घातला. तो आत असताना रायफल मागच्या बाजूनं बंद व्हायला नको होती. ती गुमान बंद झाली. मग त्यांनी अध्यक्षांकडून एक उडवलेलं काडतूस मागून घेतलं आणि वाकवलेली तार त्याच्या आतून फिरवली. बुडाशी तार अडकली.

"काडतुसाच्या मागं फट पडलीया," मिस्त्री म्हणाले. "बार उडाला की पितळ मागं ताणतंय. हितं आतनं पातळ झालंय बघा. एक दिवस फाटंल, आणि जाळ उडवणाऱ्याच्या तोंडावर."

"पन्नास वर्सं उडतीया ही!"

"म्हणूनच झिजलीया."

"अवो, एकच तर बार काढायचाय."

"कोण काढणार?"

"माझी लेक. कॉलेजात नेमबाजी करती."

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "ठेवा. बघतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांना अध्यक्षांचा फोन आला. 'सदर शस्त्र मालकास तात्काळ परत करावे' असं पत्र घेऊन साहेबांनी मलाच पिटाळलं. दुकानात जाऊन बघतो तर रायफलची नळी वाइसच्या जबड्यात आवळलेली आणि लाकडी दस्ता बाकावर.

"न्या की," मिस्त्री म्हणाले. "नळी ह्या हातात, दस्ता त्या हातात."

"मिस्त्री, माझी नोकरी जाईल हो."

त्यांनी मला बसवलं. तरुणपणी एका गिऱ्हाइकाची रायफल त्यांनी अशीच माप न घेता परत दिली होती. त्याला लग्नाची घाई होती. भर मांडवात बार काढताना त्याचा उजवा डोळा गेला.

"नंतर रोज दुकानावरनं जायचा. कधी शिवी दिली न्हाय. रामराम घालायचा," मिस्त्री म्हणाले. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

मी कचेरीत परतलो आणि लिहून दिलं : 'शस्त्र सुट्या भागांत आढळले.' माझ्या नोकरीतला बहुधा हा एकमेव खरा अहवाल.

उद्घाटन झालं ते छऱ्याच्या बंदुकीनं. आता लेकीऐवजी अध्यक्ष स्वतःच पुढं सरसावले. तीन वेळा फुग्यावरचा नेम चुकला. चौथ्यांदा एका कार्यकर्त्यानं मागून टाचणीनं फुगा फोडला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी छापून आलं : 'अध्यक्षांचा अचूक वेध'.

इकडे मिस्त्रींनी फट मिटवायला नळीचं मागचं टोक लेथवर जरासं कातून घेतलं, नळी एक आटा जास्त पिळून आत बसवली आणि काडतुसाची जागा हातानं, थोडी थोडी, पुन्हा खोल केली. आठ दिवस लागले. चाचणीला परवानगी काढून खाणीत गेले. रायफल टायरला बांधली, घोड्याला लांब सुतळी लावली आणि दगडाआड बसून ओढली.

रायफल न्यायला लेक आली, वडिलांना घेऊन. मिस्त्रींनी खाणीत उडवलेलं रिकामं काडतूस आणि तार तिच्याच हातात दिली. "फिरव आतनं. काय लागतंय?"

"काही नाही."

"मग न्हे."

अध्यक्ष पुढं सगळ्यांना सांगत, "फट मीच पकडली."

दहाएक वर्षांनी मिस्त्री परवाना परत करायला कचेरीत आले. अर्ज मीच भरला. 'कारण' या रकान्यात मी 'वैयक्तिक' लिहू लागलो, तर त्यांनी थांबवलं.

"हात थरथरतोय, असं लिवा."

"एवढं कशाला?"

"वैयक्तिक लिवलं तर उद्या कुणीतरी म्हणंल, मिस्त्री, एकच बंदूक बघा की. आन मी बघंन."

मी तसं लिहिलं. त्यांनी हेलकावे खाणारी सही केली. साहेबांनी अर्जावर शेरा मारला : 'कारण विहित नमुन्यात नाही. फेरसादर करावे.'

पंधरा दिवसांनी मी नवा अर्ज घेऊन त्यांच्या घरी सहीला गेलो. दाराबाहेर चपलांची ही गर्दी होती. मिस्त्री पहाटेच गेले होते. अर्ज घडी करून मी खिशात घातला आणि माझ्या चपला त्या रांगेत काढल्या.