मामाजींच्या संग्रहालयातला कूलर

माझ्या मामेसासऱ्यांच्या हाती लागून नुसती वस्तू म्हणून सुखाने राहिलेली वस्तू अजून जगात निपजायची आहे. ती लगेच रोगप्रतिबंधाचा धडा होते. निवृत्तीनंतर या विज्ञानशिक्षकाने मारेगावातल्या घराच्या पुढच्या खोलीत आरोग्य संग्रहालय थाटलं. फुटका टायर, करवंटी, कुंडीखालची बशी. प्रत्येक वस्तूखाली मखमल आणि पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरांत तिचा गुन्हा. अनवाणी पायांतून जंत शिरतात, या धड्यासाठी त्यांनी एकदा माझी चप्पल अशी न्याहाळली की मी ती उशाशी घेऊन झोपलो. माठात हात बुडवू नये हे शिकवायला त्यांनी घरचं लांब दांड्याचं ओगराळं काचेत ठेवलं. प्रदर्शनातली वस्तू वापरायची नसते, हा त्यांचा नियम. तेव्हापासून घरचे सगळे माठात पेल्यासकट हात बुडवतात. "लोकायच्या पोरायले शहाणं करून राह्यले, अन् घरचे पितेत बोटं धुतलेलं पाणी!" मामी म्हणतात. "विज्ञानाले त्याग लागते," मामाजी सांगतात. त्याग बहुधा मामींचाच असतो.

पोरांनी यावं, एवढीच त्यांची हाव. पावसाळ्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिका आठवीच्या मुलींना घेऊन आल्या. आधी बघू, मग दरवर्षी वर्ग पाठवायचे का ते ठरवू, असं त्यांनी बजावलं होतं. मामाजींनी कोट चढवला. साचलेल्या पाण्यावर भाषण दिलं आणि म्हणाले, "आता तुम्ही शोधा." एक पोरगी टॉर्च घेऊन थेट खिडकीकडे गेली. आमच्याकडे उन्हाळा संपतो, कूलर मात्र खिडकीतून उतरत नाही.

"सर, तुमच्याच कूलरमंदी अळ्या हायेत! नाचून राह्यल्या!"

मुख्याध्यापिकांच्या भुवया चढल्या. संपलं संग्रहालय, असं मला वाटलं. मामाजी वाकून बराच वेळ पाण्यात पाहत राहिले. मग त्यांनी पुठ्ठा घेतला आणि लिहिलं: 'डासांचे घर. घरमालक: मी.'

"आता याचं काय करू, बेटा?"

"पाणी फेका, टाकी घासा अन् सुकवा, सर."

त्यांनी कोट काढला. मुली हसत हसत टाकी घासू लागल्या. "पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्या आणते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

कूलर आता मखमलीवर आहे. म्हणजे वापरायचा नाही. परवा भर उन्हाळ्यात गेलो, तर मामाजी त्याच्याशेजारी घामाघूम बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते, डोळे रस्त्याकडे.

"पोरं दिसली काय रस्त्यात?"

"शाळेला सुट्ट्या आहेत, मामाजी."

"हो ना," म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.

मी चप्पल काढली आणि त्यांच्यापुढे मखमलीवर ठेवली.